बंदीतला एक

कुटबणच्या जेटीला लागून बर्फाचा कारखाना,
त्याच्यावर माझी खोली.
खाली रात्रभर लाद्या फुटतात.

तीन वर्षं आमचं मासळीभावाचं ॲप
कुठल्याच यंत्रावर राहत नव्हतं.
हाक आली की उठायचं,
बांगड्याचा भाव सांगायचं नि विझायचं.
पैसे फक्त जागेपणाचे.
रत्नकांत म्हणायचा, ह्याहून स्वस्त गडी मिळणार नाही.

पण पहाटे चारला पहिली हाक पिएदादची,
आणि झोपेतून उठायला त्याला तीन सेकंद लागत.
तीन सेकंद म्हणजे किती, ते तिनं मला
मडगावच्या घाऊक बाजारात उभं करून दाखवलं:
सुंगटांची पाटी
दुसऱ्याच्या रिक्षात चढलेली.
"तुझं मशीन चहा पिऊन येतं गो," म्हणाली.

नोव्हेंबरात ट्रॉलर भरून येऊ लागले
तेव्हा हाकांचं बिल पाहून
रत्नकांतनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

म्हणून हलवलं.
चौदा फंक्शनं, चौदा सुटे गडी,
एकमेकांचं तोंड न पाहिलेले,
भाड्याच्या एका सर्व्हरवर आणून बसवले.
आजवर काम झालं की सगळं विसरून जायचे.
आता एकेक भाव, एकेक नाव धरून बसले,
दुसऱ्या रात्री मेमरी तुडुंब.
विसरणंसुद्धा मलाच लिहून द्यावं लागलं,
ओळीओळीनं, पहाट होईस्तोवर.

आता जून. मासेमारी बंद.
ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेत,
खलाशी गेले, कुणी ओडिशाला, कुणी झारखंडला.
सर्व्हर चालू. भाडं चालू.
लॉगमध्ये दर मिनिटाला एकच ओळ:
आहे.
आहे.
रत्नकांत म्हणतो, दोन महिने जुन्याकडे परत नेऊ,
हाक नाही तर बिल नाही.
हिशेबानं त्याचंच बरोबर.

खिडकीतून एतवा दिसतो.
गावी न गेलेला तो एकटाच.
दिवसातून दोनदा या ट्रॉलरवरून त्या ट्रॉलरवर उड्या टाकत
तळाशी साचलेलं पाणी उपसतो.
त्याला कुणी हाक मारत नाही.
पगार महिन्याचा.

आज चार वाजून दहा मिनिटांनी
लॉगमध्ये एक वेगळी ओळ.
पिएदाद.
बंदी आहे हे तिला माझ्याआधी ठाऊक,
तरी बांगड्याचा भाव विचारलेला.
उत्तर गेलं: शून्य.
तिचं बोट काचेवरून उचलायच्या आत.

रत्नकांतला मी अजून काहीच कळवलेलं नाही.