आधीची टिक्

पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली.
खाली दूध तापत होतं, आईला म्हणालो,
दोन मिनिटं कशालाच हात लावू नकोस.
सांगलवाडीत दोन मिनिटं शांतता
म्हणजे कुणाच्या तरी बुलेटची मेहरबानी.

स्टँडवर माइक, कोचावर बसलेल्या माणसाच्या
कानाइतक्या उंचीवर.
माणूस नाही, नुसता कान.

लॅपटॉपनं आधी डाव्या स्पीकरमधून
एक बारीक टिक् सोडली, चिमणीनं काच टोचावी तशी,
मग कोपऱ्यातल्या सबवूफरला सांगितलं, आता तू.
तो तळातून उठला. ऐकूही येत नव्हता तेव्हाच
मांडणीवरची ताटं त्याला ओळखून थरथरली.

जाड आवाजाला कड नसते.
कधी सुरू झाला, सांगता येत नाही.
कृष्णेचं पाणी चढतं तसा; पायरी भिजल्यावर कळतं.
म्हणून आधीची टिक्. तिच्यापासून मोजायचं.

टेपनं आठ फूट. मोजणीनं सोळा.
सात मिलिसेकंद उशीर,
म्हणजे हिशेबानं माझा सबवूफर
भिंतीपलीकडं, आवटींच्या मोरीत बसलेला.
त्याला पुढं ओढता येत नाही.
डाव्या-उजव्यालाच थांबवायचं, त्याच्यासाठी.

अण्णा दारात उभे. "होडीत पण तसंच," म्हणाले.
"मागं नेमगोंडा. जड माणूस, वल्हं उशिरा पडायचं.
शिव्या देऊन बघितल्या. मग आम्हीच..."
आणि मुठी मिटल्या, कशावर तरी.

"बसा," म्हटलं, "ऐका. आधी टिक् येईल."
टिक् गेली.
"कुठं?"
परत लावली. आवाज वाढवून परत.
चेहरा कोरा. मग सबवूफर उठला
तसे खुर्चीच्या हाताला हात लावून म्हणाले,
"हां, हा आला."

त्यांच्या कानाचा वरचा मजला गेलेला.
कधी गेला, घरात कुणालाच ठाऊक नाही.
तेव्हा आधीची टिक् कुणी लावली नव्हती.

चौथ्या खेपेला माइक बाजूला सरकवला,
त्यांच्यासमोर हात वर धरला
आणि टिक् वाजताच खाली आणला,
श्रावणातल्या शर्यतीत पल्याडच्या काठावरून
वल्हं पडलेलं आधी दिसायचं,
ऐकू मागाहून यायचं, तसा.

अण्णांनी मान हलवली.
"आता बरोबर."
खाली दूध उतू गेलं होतं.
आईनं खरंच हात लावला नव्हता.