आंबट माती

आगशीच्या माझ्या वांग्यांना यंदा
बुडाशी काळा डाग पडला,
नाण्याएवढा, मऊ,
कुणी विझती विडी टेकवून गेल्यासारखा.

दुकानदारानं तीन बाटल्या दिल्या.
कीड नव्हतीच. बाटल्या अजून
विहिरीच्या कठड्यावर उभ्या आहेत.

पियेदाद कुंपणापलीकडून आली,
चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली.
"आंबट गे," म्हणाली,
सोलकढीबद्दल बोलावं तशी.

चिऱ्याची माती ही, तांबडी, देखणी.
इतक्या पावसांनी धुतली
की द्यायजोगं सगळं
झुआरीच्या पोटात गेलं.
आणि झुआरीनं त्याचं काय केलं?
तिसऱ्या केल्या. खुबे केले.

रविवारभर आम्ही
तिच्या परसातला शिंपल्यांचा ढीग उपसला,
तिच्या लग्नापासूनची जेवणं.
खाली खाली गेलो
तसे शिंपले मोठे होत गेले.
त्यावर कुणीच काही बोललं नाही.

करवंट्यांच्या जाळात भाजले, पाणी शिंपडलं.
फुसफुसले, तडकले, पीठ झाले.
"हात लावू नको, भाजशील."
वाफ्यात मिसळून महिनाभर
काहीच लावायचं नाही.
हा महिना मला सर्वांत जड गेला.

शेतकी खात्यातला कामिल सांगून गेला:
चुना पाण्याबरोबर वर चढतो,
कोवळ्या पानाच्या, फळाच्या भिंतीत बसतो
आणि बसला की बसला.
जुनं पान गळताना नत्र देऊन जातं,
पालाश देतं,
चुन्याचा कण काही सोडत नाही.
प्रत्येक नव्या पानानं
मुळापासून आपला आपण आणायचा.
म्हणून पाणी रोज, थोडं थोडं.

पियेदाद हसली. तिचे तिघेही मुलगे परदेशात.
"झाडात तरी कुणी
बसल्या जागी राहतं म्हणायचं."
मग गुडघ्यांची गोळी घ्यायला घरी गेली.
पांढरी, खडूसारखी.
तीही शिंपल्यांचीच असेल,
कुठल्या समुद्राची कोण जाणे.

फेब्रुवारीत पहिलं वांगं तोडलं.
आधी उलटं करून पाहिलं.
बूड स्वच्छ, ताणलेलं, चकचकीत.

चार वांगी ताटात घालून तिच्याकडे पाठवली.
ताट रिकामं परत करू नये म्हणतात.
संध्याकाळी आलं ते
रात्रीच्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी भरून,
धुतलेले,
एकात अजून थोडं खोबरं अडकलेलं.