साठ तास

रायबंदरची फेरी सुटली तेव्हा पिशवीत होती
बावीस प्रश्नांची यादी,
विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र
आणि रेकॉर्डर, कॉलेजचा, परत करायचा.

चोडणच्या बांधावर इनास भेटला.
पत्र त्याने वाचलं नाही. घडी करून
टोपीत ठेवलं, घाम टिपायला.
"आधी हा दोर धर," म्हणाला.

मी समाजशास्त्र, तिसरं वर्ष.
दोर धरला.
मानशीच्या फळ्यांमागे खाडी चढत होती,
अलीकडे कोरगुटाची शेतं, तिच्याहून हातभर खाली.
इतक्या खाली पिकतो आपला भात,
हे कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

पहिला प्रश्न विचारायला नववा दिवस उजाडला.
बांध कुणाचा?
त्याने विडी विझवली.
"टिकला तर कोमुनिदादचा. फुटला तर माझा."
उरलेले एकवीस मी तिथेच
खेकड्यांच्या टोपलीखाली अंथरले.

अमावास्येच्या ओहोटीला जाळं लावलं.
कंदिलाच्या उजेडात सुंगटं उडत होती,
आणि बाबांचा फोन वाजला.
ह्याने नोकरी मिळते का, तेच विचारणार.
हात ओले होते. उचलला नाही.

आता फॉर्म भरते आहे.
तास: साठ. क्रेडिट: दोन.
काय शिकलात? तीन ओळींची जागा.
रेकॉर्डर लावून बघते: चाळीस मिनिटं नुसतं पाणी,
मधेच त्याचा खोकला,
मग एका मुलीचा आवाज, माझाच असावा:
"सोडू का?"
"थांब. अजून चार बोटं."