बोली

नॉर्मन आणि गिलियन आमच्या गल्लीत आले
त्याला आता सहा वर्षं झाली.
रादकामावशीचं घर त्यांनी घेतलं
एका जुन्या गाडीच्या किमतीत,
वर अक्रोडाचं झाड फुकट.
सही करायला मावशीचा मुलगा लेस्टरहून आला
आणि दुसऱ्याच दिवशी परतला,
गोदामात रात्रपाळी होती.

नॉर्मन टोमॅटो लावतो, कुंपण रंगवतो.
संध्याकाळी फाटकाशी उभा राहून मला सांगतो,
आमच्या गावात आता इंग्रजी कानावर पडत नाही बघ,
बसमध्ये नाही, दुकानात नाही,
म्हणून आम्ही निघालो.
हे तो इंग्रजीत सांगतो.
बेकरीत तो बोट दाखवतो. हा एक. ते दोन.

त्याचं गाव मला ठाऊक आहे.
अकरा हिवाळे मी तिथे
सरकत्या पट्ट्यावरच्या कोबीची वरची पानं सोलली.
एकदा बसमध्ये आईशी फोनवर बोलत होते,
मागून कुणीतरी म्हणालं,
इथे राहायचं तर इथलं बोलायचं.
आई विचारत होती, बकरी व्यायलीय,
पिल्लाचं नाव काय ठेवू?
मी फोन ठेवून दिला.
त्या करडाला शेवटपर्यंत नाव नव्हतं.

तो माणूस नॉर्मन नव्हता.
मी नीट आठवून पाहिलंय.
त्या माणसाचा आवाज बारीक होता.

पुढे मी शिकले, डब्यांवरची लेबलं वाचत,
फोरमनच्या शिव्या घरी नेऊन त्यांचे अर्थ शोधत.
नॉर्मन म्हणतो, तुझी गोष्ट वेगळी, स्नेझाना,
तू किती छान बोलतेस.
मी थँक यू म्हणते.
जिभेला वळण पडलंय.

फेब्रुवारीत गिलियन बर्फावरून घसरली,
नडगी उघडी पडली.
दवाखान्यात नर्सने विचारलं, पेनिसिलिनची ॲलर्जी?
तेवढे दोन शब्द गिलियनला कळले.
तिने जोरजोरात मान हलवली, वरखाली.
आमच्याकडे वरखाली म्हणजे नाही.
डावी-उजवी म्हणजे हो.
हे सहा वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही नाही.
नर्सने सुई भरली.
मी दारातून ओरडले, तेव्हा माझ्या तोंडून
कुठली भाषा निघाली, मला आठवत नाही.

मग नर्स वाकून पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली.
बोली? इथे बोली? इथे?
नॉर्मन मला म्हणाला, काय म्हणतेय ती?
मी म्हणाले, बोली म्हणजे दुखतंय.
त्याने पेन काढून तळहातावर लिहून घेतलं.
हात थरथरत होता, अक्षरं मनगटापर्यंत गेली.

आता दर गुरुवारी तो वही घेऊन येतो.
पहिल्या पानावर तो एकच शब्द,
दुसऱ्यावर पाव, मीठ, पाऊस, माफ करा.
आमचा एक स्वर त्याला काही केल्या जमत नाही.
तो घशात अडकवतो, मी हसते,
मग मला फोरमन आठवतो
आणि मी हसायची थांबते. नेहमी नाही.

काल बेकरीत तो पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला.
मला दोन पाव द्या.
रांगेतून म्हातारा दांचो ओरडला,
वा! इथे राहायचं तर इथलंच बोलायचं, साहेब!
सगळी रांग हसली. मीही, थोडीशी.
नॉर्मन वळला. काय म्हणाला तो?
मी म्हणाले, म्हणतोय, पाव आज गरम आहेत.

गल्ल्यावर नवी मुलगी होती.
तिने पाव पुढे करून विचारलं, हेच ना?
नॉर्मनने हसून मान हलवली, वरखाली,
आणि तिने दोन्ही पाव
पुन्हा फळीवर ठेवून दिले.