मीठ शेवटी

अकरा दात एका आठवड्यात काढले पप्पांचे,
जबड्याला टाके, बोलायची मनाई.
म्हणून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून
ते चिठ्ठ्या लिहितात
जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर,
लोको शेडमध्ये नव्या पोराला बजावावं तशा:
"हाड आधी भाज. पाणी मग."

हाड म्हशीचं, नळीचं.
रफअतभाईंनी सकाळी दोन घावांत तोडून दिलं,
आधी कागद, मग काळी पिशवी, वर आणखी एक,
आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले,
"बाजी, मेथी ऊपर रख लो."
भुसावळ स्टेशनचा लांबलचक पूल मी ओलांडला
नुसती मेथी घेऊन चाललेली बाई होऊन.

कुकर काढला तर चिठ्ठी आली:
"पातेलं घे. शिट्टी इंजिनाला."
दिवसभरातला हा एकच विनोद,
आणि त्यावर त्यांना स्वतःला हसता येईना,
टाके ओढले.

उकळी फुटली तसा राखाडी फेस वर आला.
मी काढत राहिले. तो येत राहिला.
मग कधीतरी, माझं लक्ष नसताना, यायचा थांबला
आणि खालचं पाणी चहाच्या रंगाचं, नितळ.
कांदा सालीसकट जाळावर करपवला.
मिरे बारा. तेरावा त्यांनी बोटाने परत मागितला.

हे त्यांना खंडव्याच्या रनिंग रूममध्ये
दोमिंग नावाच्या खानसाम्याने शिकवलं.
रात्री दोनला मालगाडी सोडून ड्रायव्हर यायचे,
कान थंडीने बधिर, बोटं ब्रेकच्या आकारात वाकलेली,
आणि तो असेल ते घालायचा:
गाजर, नवलकोल, कोबीचा दांडा,
एकदा तर कुणाच्या डब्यात उरलेलं भरीत.
"ते सगळ्यात छान झालं होतं," पप्पा लिहितात,
आणि "सगळ्यात" खाली रेघ.

बाहेर दीपनगरच्या चिमण्यांचा धूर
पौषाच्या थंडीने खाली बसलेला.
आमची खिडकी आतून घामेजलेली.
ती मी लावून घेतली होती.
हे मात्र कुठल्या चिठ्ठीत नव्हतं.

तिसऱ्या तासाला भिंतीपलीकडून सिंधूताई देसले,
हातात वाडगंभर गिलकी, वेलावरची, कोवळी.
"काय शिजी ऱ्हायनं व?"
"सूप."
"कसानं?"
"भाज्यांचं," मी म्हणाले.
गाजर होतं आत. कोबी होता.
म्हणजे खोटं नव्हतं,
जितकं मेथीचं माझं चालणं खोटं नव्हतं तितकंच.
त्यांनी नाक जरा वर केलं, थंडीने असेल,
"दे तुना बापले. गरम गरम."

गिलकी शेवटच्या दहा मिनिटांत टाकली.
मग मीठ.
मांस धाग्याधाग्याने सुटलेलं,
मी ते आणखी बारीक कुस्करलं, गाळलं,
आणि पप्पांनी पहिला चमचा तोंडात धरून ठेवला,
गिळला नाही बराच वेळ,
जणू दोमिंगला विचारत होते, जमलं का.
"मीठ कमी," त्यांनी लिहिलं.
वाटी पुढे केली.

ओट्यावर सिंधूताईंचं वाडगं धुऊन पालथं.
रिकामं भांडं परत करू नये.
मी त्यात गूळ घातला, काढला.
शेंगदाणे घातले. ते बघत होते.
चिठ्ठी आली, चुरगळलेली:
"विचार तरी."

मी खिडकी उघडली. आधी वाफ बाहेर गेली.
भिंतीपाशी उभी राहिले, वाडग्यात शेंगदाणेच,
आणि म्हणाले, "ताई, त्यात म्हशीचं हाड होतं."
त्या वेलाला दोरी बांधत होत्या. गाठ पुरी केली.
"नाक शे ना माले," म्हणाल्या,
शेंगदाणे पदरात ओतून घेतले,
आणि थोडं थांबून,
"मना गिलका शिजनात का पण?"