वजनाची वही

बावीस वर्षं ट्राम चालवते मी, ओस्त्रावात.
रूळ जातील तिकडे जायचं, हा स्वभावच झालाय.
म्हणून बहुधा हवासा वाटला मला तो प्राणी
जो एक डोळा पुढे ठेवतो, एक मागे,
आणि पाऊल उचलल्यावरही विचार करत बसतो
टाकावं की नाही.

घोयरा. माझा पहिलाच.
याआधी घरात जिवंत असं होतं
ते एक कोरफडीची कुंडी,
आणि काही वर्षं नवरा.

पहिला माणूस रविवारच्या बाजारात भेटला,
क्रीडागृहामागच्या हॉलमध्ये.
दह्याच्या डब्यांत पिल्लं, झाकणाला तीन भोकं.
"कुठली?" "आमचीच."
"आईबाप?" "आहेत की घरी."
"जन्म कधीचा?"
तेव्हा त्याने मान वळवली,
तपासनीस चढल्यावर फुकटे प्रवासी
खिडकीबाहेर बघतात तशी.
पिल्लांचे डोळे आत गेलेले,
कणकेत बोट रुतावं तसे.
आणि मागच्या फांदीवर एक मोठा होता,
त्याच्या बरगडीवर जुना, लांब व्रण.
घरात जन्मलेल्याला असा व्रण
कोण करेल?

रंग बदलतो म्हणून सरड्याला नावं ठेवतो आपण.
तो बिचारा गारठला की काळवंडतो,
भ्यायला की काळवंडतो,
लपवत काहीच नाही.
त्या माणसाचा रंग मात्र
शेवटपर्यंत तोच होता.

दुसरा फोनवर. "उद्या पार्सलने पाठवतो, पैसे आज."
बाहेर उणे अकरा होतं.
फोन ठेवला.

तिसरी द्राहोमीरा.
ओपावाच्या पुढे, बस संपते तिथून दोन किलोमीटर,
कोंबड्यांच्या खुराड्यामागे एक ऊबदार खोली.
बूट काढायच्या आधीच तिने विचारायला घेतलं.
खिडकी कुठल्या दिशेला? दिवा कोणता?
रात्री किती अंशांवर जातं? मांजर आहे का?
पाणी कसा पितो तो, ठाऊक आहे?
"वाटीतून," मी म्हटलं.
ती हसली नाही. पानांवर फवारा मारला.
एक थेंब ओघळला, टोकाशी थांबला.
फांदीवरच्या एकाने मान पुढे केली,
विचार केला,
पुन्हा विचार केला,
मग प्यायला.

तिने वही काढली, चौकटीची, शाळकरी.
दर रविवारचं वजन, पिल्लागणिक एक ओळ.
चार पूर्णांक एक. चार पूर्णांक आठ. सहा.
सतरा नंबरची ओळ मध्येच तुटलेली, खाली लाल रेघ.
"हे?"
"माझी चूक. दिवा जुना झाला होता.
उजेड देत होता, पण नुसताच उजेड.
हाडं मऊ पडली, तेव्हा कळलं."
आवाज खाली न आणता म्हणाली,
आणि पान उलटलं. पुढे आणखी दोन रेघा होत्या.

बाजारातल्या माणसाकडे
एकही मेलं नव्हतं.

मी पाकीट काढलं.
"आत ठेव ते," द्राहोमीरा म्हणाली.
"पिंजरा लाव आधी. तीन आठवडे रिकामा चालव,
दिवा, फवारा, झाड, सगळं तो असल्यासारखं.
रोजचे आकडे पाठव मला.
मग बघू."
परतताना तिने सहा अंडी दिली.
कोंबडीची.

आता रात्रपाळीहून येते, कोट न काढता
पानं भिजवते, काटा बघते, लिहिते.
काल शेजारचे क्वापिल मीठ मागायला आले,
पिंजऱ्यापुढे वाकले.
"काय आहे यात?"
"अजून काही नाही."
पण त्यांनी चष्मा पुसला, आणखी वाकले,
श्वास रोखून पान न् पान धुंडाळलं,
मीठ विसरून, बराच वेळ.
"सापडला!" कुजबुजले, "तो बघा, देठाआड,
कसा आपल्याकडेच बघतोय."

मी नाही म्हटलं नाही.
वर अठ्ठावीस, खाली बावीस.
लिहून घेतलं.