सरपण

लाकडं तिनं रचली होती.
ऑगस्टात, शेडच्या पश्चिम भिंतीला टेकवून,
साल वर, पोट खाली,
दोन ओंडक्यांमधून उंदीर जाईल पण मांजर नाही
एवढी फट ठेवून.
मी रचलेली रास दरवर्षी ढासळायची.
"तू फोड, ताउनो," ती म्हणायची,
"रचायचं माझ्यावर सोड."

सप्टेंबरात गेली. बर्च पिवळे झाले होते.

आता कामोस. सूर्य खाली गेलाय तो जानेवारीतच डोकं काढील,
आणि मी रोज टोपली घेऊन शेडमध्ये जातो,
तिच्या रचनेतली नऊ लाकडं काढतो.
उणे तीसच्या खाली पारा गेला तर बारा.
रास खांद्याला लागायची, आता कमरेला लागते.
माणूस गेल्यावर त्याचं काय काय
आपण वापरून संपवत असतो:
तळघरातल्या बेरींच्या बरण्या,
तिनं विणलेल्या मोज्यांच्या टाचा,
आणि हे.
ओउला आला होता, रेनडियरचं मांस घेऊन.
म्हणाला, ट्रेलरभर लाकूड पडलंय माझ्याकडे, आणून टाकू?
म्हटलं, नको, आहे अजून.
त्यानं शेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि हवामानाचं बोलायला लागला.

ताइमी दक्षिणेची, तुर्कूच्या बंदरातली.
चौतीस वर्षं इनारीच्या तळ्याकाठी काढली
पण आमच्या आकाशाला सरावली नाही.
वर हिरवं काही हललं की बाहेरून खिडकीवर
हातमोज्यातल्या बोटांची टकटक, तीनदा.
मी पेपरातून मान न काढता हात वर करायचो: आलो.
आम्हा इथल्यांना त्याचं काय कौतुक!
आजी सांगायची, कोल्हा पळतोय डोंगरावरून,
शेपटी बर्फाला घासतेय, ठिणग्या उडतायत.
झालं.
बूट चढवून मी बाहेर पडेपर्यंत
बहुतेकदा काळोख झालेला असायचा.
"गेलं?"
"गेलं. चल, कॉफी निवेल."
एकदा तरी रागवायला हवं होतं तिनं.

काल नववं लाकूड उचललं
आणि शेडच्या दारातून बर्फ हिरवा दिसला.
आधी बर्फ. मग मान वर केली.
तळ्याच्या पल्याडपासून आमच्या धुराड्यापर्यंत
एक लांबलचक हालचाल, आवाज नसलेली,
झोपेत ती कूस बदलायची
तेव्हा माझ्या अंगावरचं पांघरूण सरकायचं, तशी.

टोपली खाली ठेवली.

ती त्यात दिसली नाही, सांगून टाकतो.
ज्यांना दिसतात त्यांना दिसोत.
मला उजेड दिसला,
उजेडात माझे बूट,
आणि बुटांच्या डाव्या अंगाला बर्फ,
न तुडवलेला, एका माणसापुरता.
एवढ्या मोठ्या अंगणात मी
जागा सोडून उभा होतो.

पापण्या चिकटायला लागल्या तरी हललो नाही.
एवढी आग वर,
कुणी फोडलेली नाही, वाहिलेली नाही,
सकाळी राख उपसायची नाही.
तीन महिन्यांत पहिल्यांदा
मी अशा कशाजवळ उभा होतो
जे माझ्या हातून कमी होत नव्हतं.
छातीतली गाठ सुटली म्हणणार नाही.
बसल्या बसल्या तिनं पाय पसरले, इतकंच.

शेवटपर्यंत पाहिलं.
शेवट फिका असतो, दुधाची विसळवणी असावी तसा,
आणि मग तारे, आपापल्या जागी, काहीच न झाल्यासारखे.
हे तिला ठाऊक असणार. मला आत्ता कळतंय.

नववं लाकूड परत ठेवलं, साल वर.
ओउलाला सांगेन, आण म्हणून.

घराकडे येताना
खिडकीपाशी पाय अडले.
आत दिवा, घडी न मोडलेला पेपर, माझी खुर्ची.
हातमोज्यातल्या बोटांनी
काचेवर तीनदा टकटक केली.

आणि थोडा थांबलो.
बूट चढवायला
वेळ लागतो माणसाला.